ओव्हन मधेच बंद पडतो

प्रश्न : आमचा १५०० वॅटचा ओटीजी केक भाजताना दहा-बारा मिनिटांत बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. एमसीबी पडत नाही. थर्मोस्टॅट बदलावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. ठरवलेलं तापमान गाठलं की थर्मोस्टॅट कॉइलचा पुरवठा तोडतो आणि आतली हवा निवली की पुन्हा जोडतो. लाल कॉइल मधूनमधून काळी पडणारच. आत ओव्हन थर्मामीटर ठेवा. १८० लावून काटा १७०-१९० च्या आसपास फिरत असेल, तर बिघाड नाहीच.

काटा १२० लाच अडकत असेल, तर आधी प्लग बघा. २३० व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपियर. ६ अँपियरच्या सॉकेटला हे झेपत नाही, आणि कन्व्हर्टर पिन लावून तर मुळीच नाही. पिन काळवंडली असेल, प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालं असेल, तर चोर सापडला. सॉकेट आणि प्लग दोन्ही १६ अँपियरचे घ्या. एकच बदलला तर जुना नव्यालाही जाळतो.

मग जागा. ओव्हन भिंतीला चिकटवला की उष्णता कोंडते आणि थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच, उडतो. मागे आणि बाजूंना १० सेंटिमीटर मोकळे सोडा.

तरीही तेच, तर मेकॅनिककडून कॉइलच्या टोकांचे लग, म्हणजे वायर जोडायची धातूची टोकं, तपासून घ्या. ढिला लग तापून संपर्क सोडतो, गार झाला की पुन्हा धरतो. तिथे साधी पीव्हीसी वायर चालत नाही, फायबरग्लास स्लीव्हचीच हवी. थर्मोस्टॅटची पाळी त्यानंतर.