भामरागड, मेळघाटासारख्या आदिवासी भागातल्या आरोग्यसेवेची जबाबदारी केंद्राची, राज्याची की जिल्हा परिषदेची?

सर्वात आधी राज्याची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये' हा राज्यसूचीतला विषय आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केंद्र पैसा देतं, पण भरती, औषधं, गाड्या हे राज्याचं काम. निधी नाही ही सबब चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात हे स्पष्ट केलंय.

खरी गोम निकषात आहे. आदिवासी व डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र (गावपातळीवरचं सर्वात लहान सरकारी आरोग्य केंद्र), सपाटीवर ५००० मागे. कागदावर ही सवलतच. पण पाड्यांमध्ये विखुरलेले ३००० लोक म्हणजे किती जंगल, किती नाले! पावसाळ्यात नाला भरला की बाळंतिणीला खाटेवर उचलून न्यावं लागतं. मग एकेक दवाखाना पुढे पाठवत पेशंट नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचतो. सोबतचा माणूस माडिया ही आदिवासी बोली बोलणारा, हातात रेफरची चिठ्ठी, आणि रक्तपेढी कुठे हे विचारायचं कुणाला? विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे इतके रुग्ण असताना रक्ताची सोय गावाजवळच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

जिल्हा परिषदेचं म्हणाल तर उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र तिच्याकडे. ते बंद असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करा. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या.