मैदानासाठी शाळेशी बोलताय ना, मग आधी एवढं करा

ताई, दिव्यांग लेकीला शाळेच्या मैदानावर खेळता यावं म्हणून बोलायला जाताय, पण पहिल्याच भेटीत कायदा काढून टेबलावर आपटू नका, मी तेच केलं होतं आणि मुख्याध्यापक सहा महिने नुसतं 'बघू' म्हणत राहिले. आधी मधल्या सुट्टीत जाऊन उभ्या राहा आणि लेक वर्गातून मैदानापर्यंत नेमकी कुठे अडते ते बघा, आमच्याकडे घोळ झोपाळ्याचा नव्हताच, दाराशी एक पायरी आणि पुढे सगळी खडी, व्हीलचेअरची पुढची चाकं रुतायची त्यात. फोटो काढा (बाकी मुलांचे चेहरे नकोत).

मग एक पानी अर्ज:
- मागण्या दोनच ठेवा. आमच्या ह्याच होत्या, खडीवरून पेव्हर ब्लॉकची वाट आणि रॅम्प, 1 फूट उंचीला 12 फूट लांब, नाहीतर घसरगुंडी बांधून देतात!
- 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 फक्त नमूद करा, खेळाची समान संधी त्यात स्पष्ट लिहिलीय.
- पोच घ्याच.

सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, दोघातिघांना आधी गाठा. दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार वगैरे आत्ता नको.

आणि लेकीला विचारलंत का काय खेळायचंय? माझ्या पोराला झोपाळा नकोच होता, त्याला अंपायर व्हायचं होतं.