वाचक विचारतात: हनिमूनला आधी सिंह की आधी समुद्र?

प्रश्न: ताई, आमचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ह्याला सफारी करायचीय आणि मला बीच हवाय, म्हणून दोन्ही एकत्र करू असं ठरलं. एजंटने आठ रात्रींचा प्लॅन दिलाय, मसाई मारा, सेरेंगेटी, न्गोरोन्गोरो आणि मग झांझिबार, २६ डिसेंबरला निघायचं. नदीत उड्या मारणारे ते हजारो प्राणी दिसतील ना? आणि होणाऱ्या सासूबाई म्हणतायत पहिली संक्रांत घरीच व्हायला हवी. काय करू?
– होणारी नवरी, डोंबिवली

उत्तर: अगं, हा प्लॅन तुमच्या एजंटने नकाशा न बघता केलाय असं मला स्पष्ट दिसतंय. केनियातलं मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी नकाशावर चिकटून आहेत हे खरं, मधे कुंपणसुद्धा नाही, पण ती मुभा प्राण्यांना. टूरिस्टच्या गाडीला तिथून पलीकडे जाता येत नाही, लांबून रस्त्याने बॉर्डर गाठायची नाहीतर छोटी विमानं बदलत जायचं, म्हणजे अख्खा दिवस गेला. त्यात केनियाचं ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवेश-परवानगी, वेगळं, टांझानियाचा व्हिसा वेगळा, आणि टांझानियातल्याच झांझिबार बेटावर ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या सरकारी कंपनीचा इन्शुरन्स कंपल्सरी आहे, माणशी ४४ डॉलर, तुमची इथली पॉलिसी असली तरी तो घ्यावाच लागतो. आठ रात्रींत चार ठिकाणं म्हणजे तुम्ही सिंह कमी आणि बॅगांच्या चेन जास्त बघणार.

आता मायग्रेशन, म्हणजे कळपांचं दरवर्षीचं स्थलांतर. ते नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, गुरांसारखी दिसणारी हरणं, मारामध्ये असतात साधारण जुलै ते ऑक्टोबर. डिसेंबर-जानेवारीत तो सगळा कळप, दहा लाखांच्या वर जनावरं, खाली दक्षिण सेरेंगेटीकडे, न्दुटूच्या बाजूला चरायला गेलेला असतो, आणि पुढे फेब्रुवारीच्या आसपास तिथे पिल्लं जन्मतात. तेव्हा तुम्हाला एजंटने दाखवलेला तो व्हिडीओ तुमच्या तारखेचा नाही. पण म्हणून मारा रिकामं पडत नाही हं. सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ हे तिथले कायमचे रहिवासी, ते कुठे जात नाहीत, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस कमी असतो त्यामुळे गाडीही चिखलात रुतत नाही.

मी असते तर काय केलं असतं सांगते. एकच देश, केनिया. मुंबईहून नैरोबीला थेट फ्लाइट आहे, साधारण सहा तास, घड्याळ अडीच तास मागे. मारामध्ये तीन रात्री, मग डायनी बीचवर चार रात्री, एक रात्र नैरोबीत, झाले नऊ दिवस. डायनी मोम्बासाच्या दक्षिणेला आहे, पांढरी वाळू, नारळ, आणि माराहून तिकडे छोट्या विमानाने जाता येतं. झांझिबारच हवं असेल तर मग केनिया सोडा आणि सफारीही टांझानियातच करा. दोन्हीचं थोडं थोडं नको.

आणि २६ डिसेंबर तर मुळीच नको. एक तर ख्रिसमस-न्यू इयरला बीचवरची हॉटेलं दुपटीने भाव लावतात आणि वर ३१ तारखेचं गाला डिनर गळ्यात मारतात. दुसरं म्हणजे माराची एंट्री फी. परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, आणि जानेवारी ते जून १०० डॉलर. नुसतं कॅलेंडरचं पान उलटलं की अर्धी. दोघांचे तीन दिवस धरले तर १,२०० डॉलरचे ६०० होतात, त्या पैशात डायनीला समुद्रासमोरची रूम येते. ते तिकीट बारा तासांचं असतं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, त्यामुळे शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत गेटबाहेर पडायचं ते आधीच विचारून ठेवा, उशीर झाला तर आणखी एका दिवसाचे पैसे लागतात.

म्हणजे संक्रांतीचं तुझ्या सासूबाईंनी अगदी तुमच्या फायद्याचं सांगितलंय! १४ तारखेला काळी साडी, हलव्याचे दागिने, फोटो, सगळं होऊ दे आणि १६-१७ ला निघा. हळदीकुंकू काय रथसप्तमीपर्यंत चालतं, आधी उरकता येईल किंवा आल्यावर करता येईल. शिवाय लग्न, सत्यनारायण, कुलदैवत, मांडवपरतणी या सगळ्यानंतर थोडे दिवस घरी झोप झालेली असेल. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सफारीला उठणारी जोडपी मी बघितलीयत, नवरा जीपमध्ये घोरतोय आणि बाजूने बिबट्या चाललाय.

त्याच कारणासाठी सफारी आधी, समुद्र नंतर. सफारी म्हणजे आराम नाही गं, ती ड्युटी आहे. पहाटे टेंटबाहेरून हाक येते, चहा-बिस्किटं ठेवलेली असतात, अंधारात गाडीत बसायचं, गार वारा, मांडीवर ब्लँकेट. स्वेटर घ्याच, आफ्रिका म्हणजे गरमच असं आपल्याला वाटतं पण नैरोबी जवळपास १,८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा उंच, आणि मारासुद्धा पठारावरच. मग कुठेतरी झाडाखाली गाडी थांबते, ड्रायव्हर बॉनेटवर फडकं अंथरून थर्मास काढतो, उकडलेली अंडी, फळं, आणि समोर झेब्रे चरतायत. तो अर्धा तास मला सिंहापेक्षा जास्त आवडतो. पण तीन दिवस असं केल्यावर केसांत इतकी लाल धूळ बसते की चौथ्या दिवशी समुद्र दिसला की माणूस कपड्यांसकट आत जातो. उलट केलं, आधी बीच आणि मग सफारी, तर आळसावलेल्या अंगाला पहाटे उठवत नाही.

---

प्रश्न: आमचं लग्न मे अखेरीस, गिरगावात. जूनमध्ये झांझिबार आणि सफारी असं डोक्यात आहे, पण तिकडेही पाऊस असतो का? दोघंही शिफ्टमध्ये काम करतो, रजा पुढे-मागे करता येईल.
– एक जोडपं, गिरगाव

उत्तर: त्यांचा मोठा पाऊस मार्च ते मे. एप्रिल-मेमध्ये काही कॅम्प आणि बीचवरची काही हॉटेलं चक्क बंद असतात. रजा पुढे ढकलता येत असेल तर जूनचा शेवटचा आठवडा पकडा, आपल्याकडे धो-धो सुरू झालेला असतो आणि तिकडे हवा कोरडी व्हायला लागते. सेरेंगेटीत तेव्हा कळप उत्तरेकडे सरकत असतात. तिथल्या सेरोनेराच्या धावपट्टीवरून झांझिबारकडे छोटी विमानं जातात, मधे अरुशाला थांबा असतो.

झांझिबारला हॉटेल बुक करताना फोटो बघू नका, किनाऱ्याची दिशा बघा. पूर्वेकडे पाजे, जांबियानी, तिकडे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड. सकाळी रूमच्या पायरीशी पाणी असतं आणि दुपारी बघावं तर समुद्र गायब, नुसती ओली वाळू, खडक, समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या बायका वाकून काम करतायत, आणि पोहायचं तर अर्धा-एक किलोमीटर चालत जा. बघायला फार सुंदर, पण ज्यांना दिवसभर पाण्यात डुंबायचंय त्यांनी उत्तरेला नुंगवी किंवा केंडवाला राहावं, तिथे पाणी एवढं लांब जात नाही.

एक रात्र स्टोन टाऊनमध्ये काढा, लवंगांचा वास, कोरीव दरवाजे, आणि अशा अरुंद गल्ल्या की गिरगावकरांना दिशा विचारावी लागणार नाही. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तिथलाच, १९४६ चा जन्म, आणि शाळा आपल्या पाचगणीची, हे माहीत नसेल तर प्रवासात एकमेकांना सांगायला एक गोष्ट झाली. गावात फिरताना मात्र खांदे-गुडघे झाकलेले कपडे, बीचवरचे कपडे बीचवरच. रमझान कधी आहे तेही बघून घ्या, दिवसा बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात.

---

प्रश्न: माझा मुलगा आणि सून केनियाला जाणार आहेत. पिवळ्या तापाची लस, मलेरियाच्या गोळ्या असं काय काय ऐकतेय. आणि राहायचं म्हणे तंबूत, रात्री जनावर आलं तर?
– एक आई, दादर

उत्तर: काकू, तुमची काळजी बरोबर आहे, आणि लसीच्या बाबतीत तर मुलांपेक्षा तुम्हीच जास्त जाग्या दिसताय. पिवळ्या तापाची लस घ्यायलाच लावा. केनियाहून परत येताना लसीचं ते पिवळं कार्ड नसेल तर आपल्याच सरकारचे लोक सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवू शकतात, म्हणजे हनिमूनहून थेट तिकडे. आणि कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत विमानतळाच्या आणि बंदराच्या आरोग्य विभागाकडे, आधी अपॉइंटमेंट आणि पासपोर्ट घेऊन जायचं.

हळदीच्या आठवड्यात मात्र घेऊ नका, काहींना दोन-तीन दिवस अंग मोडून येतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. आणि ही जिवंत विषाणूची लस आहे म्हणून घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत, हे सुनेला तुम्ही सांगायला संकोचत असाल तर हे पान तिच्यासमोर उघडं ठेवून द्या.

मलेरिया माराला पण आहे आणि किनाऱ्याला पण. गोळ्या कुठल्या ते डॉक्टर ठरवतील, काही जायच्या आधी सुरू करून परत आल्यावरही घ्याव्या लागतात, ते मधेच सोडायचं नाही. त्यातली डॉक्सिसायक्लिन दिली तर उन्हाने कातडी लवकर भाजते, आणि पुढे बीच आहे, तेव्हा सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्यांचे कपडे.

तंबूचं म्हणाल तर आपल्या ट्रेकचा तंबू डोळ्यांसमोर आणू नका. आत पलंग, गरम पाणी, कमोड सगळं असतं. बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं हे खरंय, रात्री पाणघोडा किंवा हत्ती जवळून जातो, आवाज येतो. म्हणून नियम असा की अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही, टॉर्चवाला पहारेकरी जेवायला नेतो आणि परत सोडतो, झिप लावून झोपायचं, आत खायचे पदार्थ ठेवायचे नाहीत. त्यामुळे तुम्ही दिलेल्या चकल्या आणि बेसनाचे लाडू कॅम्पवाल्यांकडे ठेवायला द्यायला सांगा, नाहीतर माकडं पार्टी करतील.

---

प्रश्न: लग्नानंतर नाव बदलायचं आहे पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. तिकीट कुठल्या नावाने काढू?
– भांडुप

उत्तर: पासपोर्टवर जे आहे तेच, तिकीट, ईटीए, व्हिसा, लसीचं कार्ड, सगळीकडे तेच. नवीन नावाचा पासपोर्ट निघाला की जुना रद्द होतो आणि आधी केलेली सगळी बुकिंग लटकतात. नाव बदलायचंच असेल तर आल्यावर निवांत बदला. आणि पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने चालेल असा हवा.

---

प्रश्न: दोघांचं मिळून बजेट दीड-पावणेदोन लाख. एवढ्यात आफ्रिका होईल का? फेब्रुवारीत लग्न.
– कळवा

उत्तर: नाही. कर्ज काढून तर अजिबात नको, हप्ते भरताना जिराफ आठवून आनंद होत नाही.

पण सफारी आणि समुद्र म्हणजे आफ्रिकाच असं कुणी सांगितलं? श्रीलंकेला जा. मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आसपास. 'याला' नावाच्या नॅशनल पार्कमध्ये बिबटे, आणि तिथून किनाऱ्याने मिरिस्सा, जिथे नोव्हेंबर ते एप्रिल बोटीतून देवमासे बघायला नेतात. फेब्रुवारी-मार्च दोन्हीला चांगले.

किंवा घरचंच, ताडोबा आणि तारकर्ली. मला विचाराल तर वाघ तो वाघ, त्याच्यापुढे मला सिंह जरा आळशीच वाटतो. मार्चपासून ऊन तापलं की वाघ पाणवठ्यावर येऊन बसतात. कोअरची, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाची, सफारी मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात तीन महिने बंद, बुकिंग ऑनलाइन आणि लवकर भरतं, गाडीत मोबाईल नेता येत नाही त्यामुळे निदान तेवढे तास तरी तुम्ही एकमेकांकडे बघाल. मग नागपूरहून गोव्याकडे थेट फ्लाइट मिळाली तर मोपाला उतरून मालवण, नाहीतर मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळ. मुंबईमार्गे गेलात तर मधे घरी थांबू नका, "आलाच आहात तर" म्हणत आत्याकडचं जेवण, मामांकडचं जेवण सुरू होतं आणि तारकर्लीचे दोन दिवस कळव्यातच संपतात. मेच्या शेवटच्या आठवड्याआधी जा, नंतर पाण्यातले खेळ बंद होतात.

---

प्रश्न: आम्ही दोघं पूर्ण शाकाहारी आहोत, उपाशी राहू का? आणि मोठ्या दोन बॅगा चालतील ना?
– मुलुंड

उत्तर: उपाशी कसले राहताय, केनियात गुजराती लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, चपाती आणि चहा तिथल्या लोकांचाही रोजचा झालाय. कॅम्पला बुकिंगच्या वेळीच "अंडंही नाही" असं स्पष्ट लिहा, कारण पहाटेच्या नाश्त्याच्या डब्यात हमखास अंडं असतं.

बॅगांचं मात्र नाही चालणार. माराला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी १५ किलो, तेही हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊ हवी, चाकांचा कडक डबा आत मावत नाही. रुखवतातली ती नवीन ट्रॉली घरी ठेवा. कपडे खाकी, मातकट, फिके, कारण तिथल्या चावणाऱ्या त्सेत्से माश्यांना निळा आणि काळा रंग आवडतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या केनियात २०१७ पासून बंद आहेत, चपला गुंडाळायला सुद्धा नको, जुन्या ओढणीच्या कापडी पिशव्या शिवून घ्या. डॉलर नवीन छापाचे आणि न फाटलेले, टिपसाठी सुटे एक-पाचचे जास्त.