एक्स-रेमध्ये स्पॉन्डिलोसिस आलंय, आता मानेचं काय करायचं?

तुमचं वय बेचाळीस, रोज डोंबिवली-परळ, दोन महिने मान आखडलेली आणि एक्स-रेत 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस', म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. एमआरआय करू का आणि पट्टा किती दिवस लावू, हा प्रश्न. मी डॉक्टर नाही, मानेचा जुना पेशंट आहे, तेवढं धरून वाचा.

आधी रिपोर्टची भीती काढा. चाळिशीनंतर मान कधीच न दुखलेल्यांच्याही एक्स-रेत मणक्यांची झीज दिसते, केस पिकावेत तशी. दुखणं मान-खांद्यापुरतं आहे की हातात उतरतंय, हे बघा. हातात कळ, बोटांना मुंग्या असतील तर नस दबत असावी. तरीही बहुतेकांचं काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ऑपरेशनशिवाय निवळतं. नीट उपचार घेऊनही दीड-दोन महिन्यांत फरक नसेल किंवा हाताची ताकद कमी वाटली, तर डॉक्टर एमआरआय सांगतात. नुसत्या हौसेने काढू नका, त्यात दोन मणक्यांमधली फुगलेली गादी बघून झोप उडते.

मात्र शर्टाचं बटण लागेना, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा नाही, ताप आहे, वजन घटतंय किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालंय, तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. मज्जारज्जूवर दाब असेल तर वेळ महत्त्वाचा.

आता उपचार. खरा फरक व्यायामाने पडतो आणि तोच सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. हनुवटी सरळ मागे ओढून धरणं, कपाळावर तळहात टेकवून मान न हलवता दाब देणं, खांद्याची पाती मागे खेचणं. सुरुवातीला थोडं दुखेल. हातात कळ वाढली तर मात्र थांबून फिजिओला विचारा. दुखण्याच्या गोळ्या थोडे दिवस ठीक, पण अ‍ॅसिडिटी, बीपी, किडनीचा त्रास असेल तर मनाने घेऊ नका. गरम शेकाने बरं वाटतं. पट्टा फार दुखतं तेव्हा दोन-चार दिवस, पुढे नाही. स्नायू आळशी होतात. ट्रॅक्शनने, म्हणजे मान हळूहळू ताणून धरण्याने, हाताची कळ काहींची कमी होते, सगळ्यांची नाही. इंजेक्शन आणि ऑपरेशन नंतरची गोष्ट.

सलूनमध्ये चंपी करून घ्या, पण कडकन मान मोडू देऊ नका. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण फुकटची जोखीम कशाला? हाडवैद्यालाही हेच लागू.

लोकलमध्ये उभ्याने मोबाइल छातीपाशी धरून तासभर बघणं बंद करा, गाणी ऐका. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवा आणि कीबोर्ड वेगळा घ्या.

परळलाच उतरताय तर केईएमची फिजिओथेरपी ओपीडी जवळ आहे. सायन, नायर, जेजेलाही सोय आहे, हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्थाही. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि व्यायाम तिथे त्यांच्यासमोर करून दाखवा. व्हिडिओ बघून केलेल्या व्यायामात हनुवटी मागे जाण्याऐवजी खालीच जाते.