पावसाळ्यात फोंड्यातल्या फ्लॅटमध्ये कोथिंबीर आणि तांबडी भाजी (लाल माठ) घरात दिव्याखाली पिकवायची आहे. कोणता एलईडी घ्यावा? घरी बनवता येतो का?

रोपांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्यांच्या मागे लागू नका. साध्या पांढऱ्या एलईडीत निळा आणि लाल, दोन्ही प्रकाश असतात. शिवाय पानावरची कीड लगेच दिसते. चार फूट लांब, सव्वा फूट रुंद फळीवर २० वॅटच्या चार बॅटन पट्ट्या (ट्यूबलाइटसारखे लांब एलईडी दिवे) पानांपासून वीतभर वर टांगा. मोबाइलवरच्या लक्समीटरने (उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपने) पानांच्या उंचीवर १० ते १२ हजार लक्स दिसले की पुरे. तांबड्या भाजीला ऊन प्रिय, ती मधोमध ठेवा. कोथिंबिरीला १२ तासच उजेड द्या, जास्त दिला तर ती लवकर फुलोऱ्यावर येते. एवढ्याला रोज साधारण १ युनिट वीज.

घरी बनवता येतो. सुटे एलईडी अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर थर्मल पेस्ट (उष्णता पट्टीत पोहोचवणारा लेप) लावून बसवा, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारा वीजपुरवठा) वापरा आणि एलईडी चिपच्या क्षमतेच्या निम्म्याच करंटवर चालवा: दर वॅटला उजेड जास्त, चिप थंड.

मात्र आपल्याकडच्या दमट हवेत ड्रायव्हर आयपी६७चाच, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा घ्या. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर कुंड्यांजवळ वायर नेऊच नका. छोटा पंखाही लावा, नाहीतर कोवळी रोपं बुडाशी कुजतात.