संत्रं पाहिलं कोणी, सोललं कोणी?

‘मी’ म्हणजे नेमकं काय, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या घरी रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचतात. ऑफिसात शेजारी बसणारा मित्र दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जातो. मी म्हणतो आत्मा आहे, तो म्हणतो नाही. डब्याच्या वेळी वाद सुरू होतो आणि तसाच राहतो. बरोबर कोण? (महाल)

उत्तर : ‘आत्मा आहे’ म्हणणाऱ्यांचंही आपसात पटत नाही. तुमचा वाद अडतो तो इथेच. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या शाखेत, इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान या आत्म्याच्या खुणा, त्याचेच गुण; आणि प्रत्येकाचा आत्मा निराळा. गीतेच्या तेराव्या अध्यायात मात्र इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे सगळं क्षेत्रात, म्हणजे जे जाणलं जातं त्या शरीर-मनात, टाकलेलं आहे; ते जाणणाऱ्या क्षेत्रज्ञात नाही. म्हणजे घरी तेरावा अध्याय लागेल तेव्हा नीट ऐका : ‘मला राग आला’ यातला राग म्हणजे मी नव्हे, इथपर्यंत तुमची पोथी तुमच्या मित्राबरोबरच आहे. फरक त्यापुढे. सगळं वजा केल्यावर जाणणारा उरतो, असं वेदान्त म्हणतो. उरलेला असा कोणी दाखवता येत नाही, असं बौद्ध म्हणतात.

न्यायाचा युक्तिवाद कळायला हातात एक संत्रं घ्या. गाडीवर ते तुम्हाला दिसलं, मग उचलून अंगठ्यानं दाबून पाहिलं. साल सुटी आहे, आत फोडी हलतात. ‘जे पाहिलं तेच हातात आहे’ असं तुम्ही सहज म्हणता. पण डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि बोटाला रंग दिसत नाही. दोन्ही एकाच फळाचं, हे कळलं कोणाला? न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय याच मुद्द्यानं उघडतो. थोडं पुढे आणखी एक खूण आहे : आंबट फळ नुसतं दिसलं तरी तोंडाला पाणी सुटतं. पाहिलं डोळ्यानं, पाणी सुटलं तोंडात. मधे पूर्वीची चव आठवणारा कोणीतरी हवाच.

याला बौद्धांचं उत्तर तयार आहे. जोडणी होते, पण जोडणारा वेगळा मालक लागत नाही. रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाचे कल), विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते गट, वाहते आहेत आणि आधीचा क्षण आपला ठसा पुढच्या क्षणाला देत जातो. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनांनी राजा मिलिंदाला विचारलं, आस म्हणजे रथ का? चाकं? जू? एकेक भाग रथ नाही, भाग सोडून वेगळा रथही सापडत नाही. ‘रथ’ हे त्या जुळणीचं व्यवहारातलं नाव. बरेच जण यावरून ‘म्हणजे रथ नाहीच’ असा अर्थ काढतात, तो चुकीचा. राजा त्याच रथातून आला होता.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, एवढ्यावर थांबत नाही. एकानं पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही. मग काल संत्रं खाणारा क्षण संपला असेल, तर आज पाणी कोणाच्या तोंडाला सुटतं? बौद्ध म्हणतो, त्याच प्रवाहातल्या पुढच्या क्षणाच्या. नैयायिक विचारतो, ‘तोच’ प्रवाह कशावरून? वाद घालायचा तर इथे घाला. आमच्या मते ही गाठ दोघांनाही सुटलेली नाही, कारण न बदलणाऱ्या आत्म्यात आज इच्छा येते, उद्या जाते, तरी तो जसाच्या तसा कसा, हे नैयायिकालाही सांगावं लागतं.

मित्राशी बोलताना आणखी एक ध्यानात ठेवा. बाबासाहेबांसाठी हा नुसता तर्काचा विषय नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. आत्मा मानला नाही तर पिंड कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. ‘मग पुनर्जन्म कोणाचा?’ हेही त्यांनी टाळलं नाही : शरीर ज्या भौतिक घटकांचं झालं त्यांचा पुनर्जन्म होतो, आत्म्याचा नाही, अशी त्यांची मांडणी आहे.

आठवडाभर ‘आत्मा’ हा शब्द बाजूला ठेवून पाहा. दोघांनी एका कागदावर तीन वाक्यं लिहा : ‘मी जाड झालो’, ‘मी विसरलो’, ‘मी शब्द दिला होता’. पहिल्यातला मी शरीर आहे, दुसऱ्यातला आठवण ठेवणारा, तिसऱ्यातला जबाबदार माणूस. प्रत्येक वाक्यात ‘मी’च्या जागी दुसरा शब्द घालून काय बिघडतं ते बघा. पहिल्यात ‘माझं अंग’ चालतं. तिसऱ्यात ‘माझ्या स्कंधांनी शब्द दिला’ म्हटलं तर पाळायचा कोणी, हे बौद्धाला सांगावं लागेल. ‘माझ्यातल्या साक्षीनं, म्हणजे वेदान्तातल्या त्या जाणणाऱ्यानं, शब्द दिला’ म्हटलं तर तुमचीही तीच अडचण, कारण साक्षी नुसता पाहतो, काही करत नाही.

प्रश्न : आईला विस्मरणाचा आजार आहे. आता ती मला ओळखत नाही. एका लेखात वाचलं की स्मृती म्हणजेच माणूस. मग ही माझी आई नाही का? (धरमपेठ)

उत्तर : आहे. ते मत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं, १६९४ मधलं : जाणीव जिथपर्यंत मागे पोचते तिथपर्यंत माणूस तोच. स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीडनं १७८५ मध्ये त्यातली चूक दाखवली. फळबागेत चोरी केली म्हणून एका पोरानं मार खाल्ला. पुढे तोच तरुण अधिकारी झाला, तेव्हा त्याला तो मार आठवत होता. म्हातारपणी सेनापती झाल्यावर त्याला तरुणपणीचा पराक्रम आठवतो, मार मात्र आठवत नाही. लॉकच्या हिशेबानं सेनापती म्हणजे तो अधिकारी, अधिकारी म्हणजे तो पोरगा, पण सेनापती म्हणजे तो पोरगा नव्हे! असा निकष मोडका असतो. त्याच्यावर आईचं आईपण टांगू नका.

तुमचा रोजचा प्रश्न बहुधा वेगळाच असेल : तिची आधीची इच्छा धरायची की आजची? रोनाल्ड ड्वॉर्किन या विचारवंतानं १९९३ मध्ये इथे दोन प्रकारची हितं वेगळी केली. एक, माणसानं आयुष्यभर ज्याला मोल दिलं ते. दुसरं, या घटकेचं सुखदुःख. तो पहिल्याच्या बाजूनं झुकला. आम्हाला ते सरसकट पटत नाही. जन्मभर एकादशी करणारी आई आज एकादशीला दुपारी ‘वरणभात दे’ म्हणत असेल तर द्या. भूक आजची आहे आणि उपास मोडल्याचं दुःख तिला होणार नाही. पण शेतीचा तुकडा कोणाला द्यायचा, शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे तिनं शुद्धीत सांगितलं असेल तर तेच धरा. आणि ‘ओळखलंस का?’ ही परीक्षा रोज घेऊ नका. समोर बसून, नजरेला नजर देऊन, ‘आई, मी तुझा मुलगा’ एवढं सांगा आणि हातात काम द्या : लसूण सोलायला, फुलवाती वळायला. हातांची सवय अनेकदा नावांपेक्षा जास्त टिकते.

प्रश्न : फुटाळा तलावावर बसून ‘मी शरीर नाही, मी मन नाही’ असं रोज अर्धा तास म्हणत होतो. पंधरा दिवसांनी स्वतःचे हात परके वाटू लागले, सगळं काचेपलीकडचं वाटतं. ही प्रगती की बिघाड? (सीताबर्डी)

उत्तर : प्रगती नाही. आधी ते म्हणणं थांबवा, झोप पुरी करा. दिवसभर असंच वाटत राहिलं, धडधड वाढली किंवा कामावर लक्ष लागेना, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा आणि ‘स्वतःपासून तुटल्यासारखं वाटतं’ याच शब्दांत सांगा. ही लक्षणं त्यांच्या ओळखीची आहेत.

चुकलं ते असं. तुम्ही म्हणत होता ते ‘नेति नेति’ (‘हे नव्हे, हे नव्हे’) हा निष्कर्ष आहे, मंत्र नव्हे. वेदान्तात आधी श्रवण (ऐकणं), मग मनन (विचारानं तपासणं), मग निदिध्यासन (त्यावर सतत ध्यान). तुम्ही पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारली. शिवाय ‘हात म्हणजे मी नव्हे’ याचा अर्थ हात जाणवू नये असा होत नाही. जाणवणं स्पष्ट हवं. तरच जाणलेलं आणि जाणणारा हा भेद पाहता येतो.

पूर्ण बरं वाटल्यावरच, आणि दोन महिने तरी जाऊ दिल्यावर, पुन्हा करायचं असेल तर दिवसाउजेडी करा, पोटात काही असताना, डोळे उघडे ठेवून, दहा मिनिटांच्या वर नाही. पाय जमिनीला टेकलेले असू द्या आणि पहिली तीन मिनिटं फक्त तळव्यांचा दाब पाहा. मग एकच विचार पकडा, समजा ‘मला उशीर झाला’, आणि विचारा : उशीर कोणाला, शरीराला, कामाला की दिलेल्या वेळेला? उत्तर आलं नाही तरी दहा मिनिटांनी उठा आणि घरी कोणाशी तरी बोला.

प्रश्न : तत्त्वज्ञानात एम.ए. करतो आहे. या विषयावर मूळ ग्रंथ कोणत्या क्रमानं वाचू? (अंबाझरी)

उत्तर : छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातला इंद्र आणि विरोचनाचा प्रसंग आधी. पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे आत्मा, एवढ्यावर विरोचन खूश होऊन निघून जातो. इंद्र मात्र शंका घेऊन परत परत येतो आणि १०१ वर्षं राहतो. त्याची प्रत्येक शंका वहीत लिहून काढा. मग मिलिंदाचा रथ, मग न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय, आणि शेवटी स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७३९ मध्ये लिहिलेलं, मन म्हणजे संवेदनांची जुडी, हे प्रकरण. ह्यूमचं १७४० चं परिशिष्ट वगळू नका. जुडी बांधणारा दोरा कुठला हे आपल्याला सांगता येत नाही, अशी कबुली त्यानं तिथे दिली आहे. ते वाचून न्यायसूत्रांकडे परत या.