एसकेएक्स घ्यायचं, पण कुठल्या खात्यातून?

वाचक भगिनींचा प्रश्न, थोडक्यात: ‘वय ३४. आठवड्यातून चार दिवस पोहते, पुढच्या वर्षी डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करायचाय. सेइकोचं एसकेएक्स ०१३ हे हाताच्या हालचालीवर चालणारं डायव्हर घड्याळ दोन वर्षं मनात आहे. ते आता नवीन निघत नाही. एक जण सेकंडहँड देतोय, मूळ पट्टा हरवलाय, नायलॉनचा पट्टा लावलाय. म्हणतो, किंमत वाढतच जाणार, गुंतवणूक समजा. नवऱ्याचं म्हणणं, निम्म्याहून कमी पैशांत कोरं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, डायव्हर येतं. भाऊ म्हणतो, तीन वर्षं थांब आणि एकदाच नामांकित स्विस घड्याळ घे, पैसे बुडत नाहीत. शैक्षणिक कर्जाची दोन वर्षं राहिलीत. आणीबाणीच्या निधीत चार महिन्यांचा खर्च आहे. काय करू?’

तुम्ही आकडे मोकळेपणाने लिहिलेत, पण ते इथे जसेच्या तसे देत नाही. विक्रेता सांगतोय ती किंमत १०० धरू आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजू. मग तुमचा महिन्याचा पगार ६०० होतो. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून ४३०, नियमित गुंतवणूक ११०, हातात उरतात ६०. नवऱ्याने सुचवलेलं क्वार्ट्झ ४५ ला पडतं आणि भावाचं स्विस २००० ला.

भावाचा सल्ला आधी बाजूला काढतो. महिन्याचे उरलेले सगळेच्या सगळे ६० बाजूला टाकले तरी २००० जमायला ३४ महिने लागतात, आणि त्या ३४ महिन्यांत ना सहल, ना डायव्हिंगचा कोर्स. म्हणजे पाण्यात जायचं घड्याळ घेण्यासाठी पाण्यात जाणंच बंद. ‘पैसे बुडत नाहीत’ हेही जरा तपासून घ्या. नामांकित स्विस स्पोर्ट्स घड्याळांचे सेकंडहँड भाव २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर गेले आणि नंतर चांगलेच घसरले. शिखरावर घेणारेही हेच वाक्य म्हणत होते. शिवाय २००० चं घड्याळ घालून तलावाच्या काठावर तुम्ही ते काढून पिशवीत ठेवाल आणि पोहताना सगळं लक्ष पिशवीकडे असेल, असा माझा अंदाज आहे.

आता विक्रेत्याचं ‘गुंतवणूक’. त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. एसकेएक्स मालिका १९९६ मध्ये आली, २०१९ च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं आणि त्यानंतर सेकंडहँड भाव चढले. पण चढलेला भाव कोणाला मिळतो? ज्याच्याकडे मूळ पट्टा, डबा, कागद आहेत, काच आणि काटे कारखान्यातले आहेत आणि घड्याळ फारसं पाण्यात गेलेलं नाही, त्याला. तुम्ही तर आठवड्यातून चार दिवस क्लोरीनच्या पाण्यात उतरणार. त्यात यातली ७एस२६ ही मशीन दुरुस्तीला गेली की बरेच कारागीर ती उघडून साफ करण्यापेक्षा अख्खी बदलूनच देतात, त्याच जागी बसणारी नवी मशीन स्वस्तात मिळते म्हणून. घालण्यासाठी तो सौदा उत्तम. संग्राहक मात्र तेवढ्यावरून भाव पाडतो. वापरायचं घड्याळ आणि जपायचं घड्याळ अशा दोन वेगळ्या वस्तू आहेत. विक्रेता तुम्हाला पहिली वस्तू दुसरीच्या भावात देतोय.

म्हणून माझ्या हिशेबात हे घड्याळ घेतल्या दिवशी शून्य किमतीचं. उद्या विकून काही आलंच, तर सापडलेले पैसे समजा.

खरा मुकाबला उरतो तो एसकेएक्स आणि क्वार्ट्झचा. इथे जरा थांबू, कारण पाटीवरची किंमत फसवते.

सेकंडहँड डायव्हर घड्याळावर ‘डायव्हर्स २०० मी.’ छापलेलं असतं, पण ती ग्वाही घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाची. आयएसओ ६४२५ या मानकात डायव्हर घड्याळ किमान १०० मीटरचं असावं लागतं आणि लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब प्रत्येक घड्याळाला द्यावा लागतो, नमुन्यादाखल चार-दोन घड्याळांना नव्हे. कसोटी कडक आहे, वाद नाही. पण पाणी अडवतात त्या आतल्या रबरी कड्या, गॅस्केट. त्या वर्षांगणिक कडक होतात आणि गरम पाण्याच्या शॉवरने, वाफेने लवकर म्हाताऱ्या होतात. मधल्या काळात कोणी मागचं झाकण उघडून तिरकं बसवलं असेल तर २०० मीटरचं घड्याळ हात धुतानाही आत पाणी घेईल. तेव्हा घेतल्याबरोबर गॅस्केट बदलणं आणि दाबाची चाचणी हवीच. तुम्ही कारागिराला विचारून लिहिलंय, या दोन्हींचे १०. नुसती चाचणी ३.

दहा वर्षांचा हिशेब असा. एसकेएक्सचे १००, सुरुवातीचे १०, मधे एक सर्व्हिसिंग ४०, दर दोन वर्षांनी चाचणी अशा चार वेळा १२. रबरी पट्टा १२ चा, पोहणाऱ्याच्या हातावर तो तीनेक वर्षं टिकतो असं धरून तीन पट्टे, ३६. बेरीज १९८. क्वार्ट्झचे ४५, पट्ट्यांचे तेच ३६, तीनदा सेल बदलणं गॅस्केट आणि चाचणीसकट प्रत्येकी ६ प्रमाणे १८. बेरीज ९९. म्हणजे बरोबर दुप्पट. नवरोबा जिंकले असं वाटतंय ना? फरक ९९ चा, तो १२० महिन्यांवर पसरला की महिन्याला ०.८. तुमच्या हातात उरणाऱ्या ६० पैकी दीड टक्काही नाही. एवढ्यासाठी दोन वर्षं मनात असलेली वस्तू सोडा असं सांगायला माझं मन धजत नाही.

मात्र गैरसोयी माहीत असू द्या. या मशीनला चावी देता येत नाही, हातावर हलली तरच चालते आणि काढून ठेवली की साधारण ४० तासांत थांबते. सेकंदकाटा थांबवून वेळ जुळवता येत नाही. दिवसाला अर्धं मिनिट पुढे-मागे झालं तरी तिच्या दृष्टीने ते ठीकच. क्वार्ट्झ महिनाभरात जेवढं चुकतं तेवढं हे एका दिवसात चुकू शकतं. याचा त्रास होणार असेल तर क्वार्ट्झ घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आता पट्टा. तुम्ही तो शेवटी एका ओळीत उरकलात, मला मात्र पैसे इथेच गळताना दिसतात. ‘नायलॉनचा, रबराचा, उन्हाळ्यासाठी अजून एक’ असं लिहिलंय. महिन्याला एक पट्टा घेतलात तर वर्षाला १४४, म्हणजे घड्याळ आणि वर जवळपास अर्धं. पट्टा किरकोळ वाटतो, घरात कोणी विचारत नाही, म्हणून तो वहीत येत नाही. दोन पुरे. पाण्यासाठी रबर: सिलिकॉन स्वस्त, पण त्यावर धूळ-तंतू चिकटतात, एफकेएम हे वेगळ्या जातीचं रबर महाग, पण घाम, ऊन, क्लोरीन जास्त सोसतं. रोजच्यासाठी हातात आलेला नायलॉनचाच ठेवा. चामड्याचा या घड्याळाला नकोच.

तो नायलॉनचा पट्टा एकाच लांब पट्टीचा असेल, घड्याळाच्या पाठीखालून जाणारा, तर त्याला फेकू नका. या प्रकाराला सगळे नाटो म्हणतात. मूळ आहे ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३ च्या मानकात, आणि सैनिक त्याला जी-१० म्हणत, कारण पट्टा मिळवायला त्याच नावाचा फॉर्म भरावा लागे. त्याचा गुण असा की, एका बाजूची स्प्रिंगची काडी, म्हणजे पट्टा घड्याळाला जोडणारी बारीक दांडी, निसटली तरी घड्याळ दुसऱ्या काडीवर लटकून हातावरच राहतं. हे मला उशिरा कळलं. दोन तुकड्यांच्या नव्या पट्ट्याबरोबर फुकट आलेल्या बारीक काड्या मी लावल्या, मूळच्या जाड काड्या डबीत पडून राहिल्या आणि घड्याळ एका तलावाच्या तळाशी गेलं. सेइकोच्या डायव्हर घड्याळांच्या मूळ काड्या नेहमीपेक्षा जाड असतात. विक्रेत्याकडे त्या आहेत का, विचारा. नसतील तर नव्या घ्या. पट्ट्यापेक्षा काडीवर पैसे घातलेले बरे.

आणीबाणीचा निधी चारऐवजी सहा महिन्यांचा हवा, हे खरंय. दोन महिन्यांची तूट म्हणजे ८६०. घड्याळाचे १०० वाचवून ती भरत नाही, पण पुढचा बोनस पूर्ण तिकडे जाऊ द्या. तुम्ही घड्याळासाठी वेगळे काढलेले १२० वापरा. निधीला हात नाही, नियमित गुंतवणुकीचा एकही महिना चुकवायचा नाही आणि हप्त्यांवर घ्यायचं नाही, व्याज शून्य म्हणत असले तरी. दोन महिन्यांच्या शिलकीत येणाऱ्या वस्तूला हप्ता कशाला? कर्ज ठरल्या वेळेत फिटतंय, ते छेडू नका.

सौदा असा करा. मूळ पट्टा नाही, डबा नाही, गॅस्केटचा इतिहास माहीत नाही. ८५ पासून बोलायला सुरुवात करा. पैसे देण्याआधी घड्याळ तुमच्या कारागिरासमोर उघडू द्या. बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, एकाच दिशेने, उलटं फिरतंय ना आणि चार वाजण्याच्या जागेची वेळ लावायची चावी शेवटपर्यंत घट्ट बसतेय ना, हे तिथेच पाहा. विक्रेता उघडू द्यायला तयार नसेल तर तिथून उठा आणि घरी येताना नवऱ्याचं क्वार्ट्झ घ्या. ९० च्या आत ठरलं तर गॅस्केट, चाचणी, रबरी पट्टा धरून ११२ होतात आणि १२० मध्ये जाड काड्यांनाही जागा राहते.

आणि रबरी पट्टा मागवताना मापाकडे लक्ष द्या. तुम्ही चिठ्ठीत २२ मिलिमीटर लिहिलंय. ते मोठ्या एसकेएक्स ००७ चं माप. ०१३ ला २० लागतो.